मेयरच्या पाठीवरचा हिरवा पत्रा

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. हिरवा, जाड, नागमोडी. माझ्या अंगावर एक उंचवटा, मग एक खळगा, पुन्हा उंचवटा, पुन्हा खळगा अशी घडण आहे. माझी गोष्टही तशीच चालेल. सपाट सांगायला मी फळा नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तुम्ही वाचलेल्या जुन्या छत्र्या, जुनी पुस्तके आणि जुनी झाडे शेवटी हात जोडतात आणि आमची काळजी घ्या म्हणतात. मला हात नाहीत. मला कडा आहेत.

उंचवटा

माझा जन्म समुद्रकाठच्या एका कारखान्यात झाला. पोलादाची सपाट चादर म्हणून मी यंत्रात शिरलो आणि लाटा घेऊन बाहेर पडलो. मग मला मालमोटारीत टाकून डोंगरात पाठवले. मालमोटार तांबोपर्यंत आली आणि थांबली. तांबोला चौक आहे, चर्च आहे, मेयरचे कार्यालय आहे. आमचे गाव सोरापाता त्याच्या वर, खिंडीच्या पलीकडे. तेव्हा तिकडे गाडीची वाट नव्हती.

सोरापाताच्या लोकांनी मातीच्या विटा पाडून शाळेच्या भिंती उभ्या केल्या होत्या. नुसत्या भिंती. त्या आभाळाकडे तोंड वासून उभ्या होत्या. म्हणून एका सकाळी सगळे गाव आम्हाला न्यायला खाली उतरले. घरटी एक पत्रा, असे ठरले होते.

मला उचलले फोर्तुनाताने. तिचा नवरा खाणीत कामाला होता आणि ती पोटुशी होती. तिने पाठीवर घोंगडी टाकली, घोंगडीवर मला घेतले आणि छातीवर दोराची गाठ मारली. खिंडीत वारा आला. पत्रा पाठीवर असला की वारा माणसाला पतंग समजतो. फोर्तुनाता एकदा डावीकडे भेलकांडली, एकदा उजवीकडे.

"वहिनी," मागून तिचा दीर तेओफिलो ओरडला, "उडालीस तर खाणीवरून जा. दादाला निरोप सांग, घरी मीठ संपलंय!"

"तूच सांग की! तुझ्या डोक्यात एवढी हवा आहे, माझ्याआधी पोचशील!" ती म्हणाली. मग ती माझ्याशी बोलली. "आणि तू रे मेल्या, नीट बस. उडायचं होतं तर पाखरू व्हायचं होतंस."

मी नीट बसलो. मित्रांनो, मला कुणीतरी पहिल्यांदाच काहीतरी बजावले होते.

आमच्याकडे मेंढ्यांच्या पाठीवर घराची खूण रंगवतात. शाळेवर ठोकण्याआधी प्रत्येक घराने आपल्या पत्र्याच्या आतल्या अंगाला तीच खूण काढली. कुणाचा चंद्र, कुणाचा विळा. फोर्तुनाताच्या घराची खूण म्हणजे पाखराचा पाय, तीन बोटांचा, लाल रंगाचा. जो पत्रा गळेल त्याच्या घराने तो दुरुस्त करायचा. भांडण नको, सबब नको. अशी ती पद्धत होती आणि त्या पद्धतीमुळे आमच्यातला एकही पत्रा कधी गळला नाही.

खळगा

छपरावरून चेहरे दिसत नाहीत. मी डोकी ओळखतो. भांग, वेण्या, टोप्या, उवा. सोरापाताची शाळा म्हणजे एक खोली, एक फळा, एक बाई.

नोएमी बाई दर सोमवारी तांबोहून पाठीवर पिशवी घेऊन येत आणि आठवडाभर शाळेमागच्या खोपटात राहत. त्या फळ्यावर खडूने उभ्या रेघा ओढत. एका पट्टीत पहिली, एका पट्टीत दुसरी, शेवटच्या पट्टीत सहावी. पहिलीला अक्षर गिरवायला लावून त्या सहावीकडे वळत, तोवर तिसरी खिडकीतून बाहेर गेलेली असे. पुस्तके स्पॅनिशमध्ये होती आणि मुले घरी डोंगरातली केचुआ भाषा बोलत. पुस्तकात आगगाडी होती, समुद्र होता. मुलांनी दोन्ही पाहिले नव्हते. समुद्र कसा असतो असे कुणीतरी विचारले तेव्हा बाईंनी छताकडे बोट दाखवले. "असा. फक्त हलतो."

मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत उंच उंचवटा. खळग्यात सांगितला, कारण तो तिथेच आला.

बाकी खळगाच होता. मुलांच्या न्याहारीचे सरकारी ओट्स उशिरा येत आणि आले की त्यात किडे असत. बटाटे काढायच्या दिवसांत निम्मी डोकी गायब होत. काही डोकी सकाळी काही न खाता येत आणि प्रार्थनेच्या वेळीच बाकावर टेकत. झोपले आहेत की भोवळ आली आहे हे वरून कळत नाही. बाईंना खालूनही कळत नसे. त्या आपल्या डब्यातला उकडलेला बटाटा मोडून हातावर ठेवत.

या सगळ्यात धड होते ते एकच. छप्पर.

भोक

इथे खिळ्याचे एक भोक आहे. त्यातून माझी काही वर्षे गळून गेली. त्यांचे मला फारसे वाटत नाही. पुढे जे झाले त्याचे वाटते. अजून वाटते.

उंचवटा (हा खोटा आहे)

खिंडीतून गाडीची कच्ची वाट झाली आणि त्या वाटेने पहिल्यांदा कोण आले? मेयर क्लोदोमिरो. मोठी टोपी, लहान पावले. वरून मला ती टोपीच दिसली. मागे एक मालमोटार आणि तीत लाल, चकचकीत, नवेकोरे पत्रे.

"हे जुनं गंजकं छप्पर काढून टाका!" तो म्हणाला. मी गंजलो नव्हतो. आमच्यातला कुणीच गंजला नव्हता. "मुलांना आजपासून नवं आकाश मिळेल!"

"आकाश आहे हो साहेब," तेओफिलो गर्दीतून म्हणाला, "सकाळपासून आहे. छपराचं बोला."

लोक हसले. क्लोदोमिरोही हसला, पण टोपी हलली नाही. ज्याची टोपी हसताना हलत नाही त्याच्यावर लक्ष ठेवा, मित्रांनो. एवढे मी छपरावरून शिकलो आहे.

फोर्तुनाता तेव्हा पालक मंडळाची अध्यक्ष झाली होती. तिने विचारले, "आणि हे जुने पत्रे, साहेब?"

"भट्टीत. वितळवायला. भंगार आहे ते."

लाल पत्रे चढले. दारावर फीत कापली, दोरीला टांगलेली बाटली हातोडीने फोडली, भिंतीत त्याच्या नावाची पाटी बसवली. आम्हाला मालमोटारीत टाकले. मी भट्टीसाठी तयार होतो. वितळून पुन्हा काहीतरी होता येते. मालमोटार भट्टीकडे गेलीच नाही. ती तांबोतच, क्लोदोमिरोच्या घरामागच्या अंगणात गेली.

खळगा

तुम्ही कुई पाहिला आहे का? उंदरापेक्षा मोठा, सशापेक्षा लहान, गुबगुबीत. आमच्याकडे तो पाळतात, आणि सणाला भाजून खातात. क्लोदोमिरोचा कुईंचा मोठा धंदा होता. त्याने अंगणात लांबलचक खुराडे बांधले होते आणि त्यावर आम्हाला ठोकले.

आता माझ्याखाली डोकी नव्हती. शेपूट नसलेली ढुंगणे होती. ती दिवसभर हिरवा चारा खात आणि शिट्ट्या वाजवत. कुईंवर माझा राग नाही. त्यांनी छप्पर मागितले नव्हते.

पण क्लोदोमिरो पाहुण्यांना घेऊन येई, काठीने माझ्या कडेवर टकटक करी आणि म्हणे, "ऐका आवाज! ठणठणीत. हल्ली असा माल बनत नाही."

मित्रांनो, मला भंगार म्हणाला ते मी विसरलो असतो. ही स्तुती विसरलो नाही.

शाळेच्या बातम्या मला चारा आणणाऱ्या बायकांकडून कळत. लाल पत्रे म्हणजे सार्डिन मासळीच्या डब्याचे झाकण. पहिल्या गारपिटीतच त्यांची चाळण झाली. मुले बाके ओढत कोरड्या कोपऱ्यात नेत, मग तो कोपराही गळू लागे. नोएमी बाई डोक्यावर प्लास्टिक घेऊन शिकवत. फळ्यावरच्या रेघा ओघळून पहिली आणि सहावी एक होत. फोर्तुनाताची धाकटी, लुस्मिला, त्याच वर्षी पहिलीत बसली होती. ती दोन महिने खोकत होती.

मग शिक्षण खात्याच्या बाई आल्या. त्यांनी हात पुढे केला, तळव्यावर थेंब झेलले आणि सांगितले, "पुढच्या पावसाळ्यात हे छप्पर गळलं तर शाळा बंद. मुलं तांबोच्या शाळेत पाठवायची."

तांबोच्या शाळेत म्हणजे खिंड ओलांडून, ओढा ओलांडून, पावसात. मोठी मुले जातील. लुस्मिलाएवढी जाणार नाहीत. त्यांची शाळा तिथेच संपेल. एवढे सगळ्यांना कळत होते.

शाळेचे छप्पर ज्याने चोरले, त्याच्याच पाटीखाली ते छप्पर नसल्याची शिक्षा मुलांना होणार होती.

गंज

मी सूड घ्यायचे ठरवले.

आधी गंजायचा प्रयत्न केला. जमले नाही. चांगल्या मालाचा हाच शाप.

मग मी एका खिळ्याशी वैर धरले. वारा आला की कड उचलायची आणि आपटायची. धाड. क्लोदोमिरो जेवून आडवा झाला की धाड. डोळा लागला की धाड. शेवटी तो स्वतःच हातोडी घेऊन शिडीवर चढला. "जंगली पत्रा," तो म्हणाला आणि त्याने माझ्या कडेवर हात ठेवला.

मी कापले.

चुकून नाही. मुद्दाम कापले. तळव्याच्या आरपार, आडवे. त्याने आईवरून शिवी दिली आणि हात तोंडात घातला. तुमचे शिक्षक तुम्हाला सांगतील की हे वाईट आहे. बरोबर सांगतील. त्यांच्या डोक्यावर छप्पर असेल.

उंचवटा

कोरडे दिवस संपत आले होते. एका दुपारी फोर्तुनाता आणि नोएमी बाई क्लोदोमिरोच्या घरी आल्या. कार्यालयात तो कधी सापडत नसे. घरच्यांनी त्यांना मागच्या अंगणात थांबायला सांगितले. भुरभुर सुरू झाली तशा त्या दोघी खुराड्याच्या छपराखाली, म्हणजे माझ्याखाली आल्या.

किती तरी दिवसांनी माझ्याखाली माणसांची डोकी उभी होती. एकीचा मधला भांग पांढरा झाला होता. त्या डोक्याने वर पाहिले. पहिल्यांदाच मला फोर्तुनाताचा चेहरा सरळ दिसला.

ती पाखराच्या पायाकडे पाहत होती. लाल, तीन बोटांचा. मग तिने शेजारच्या पत्र्याकडे पाहिले. चंद्र. त्याच्या पलीकडे विळा.

"बाई," ती हळूच म्हणाली, "वर बघा. आरडाओरडा करू नका."

नोएमी बाईंनी पाहिले. त्यांचे ओठ पांढरे पडले. "हे... हे तर आपलं... फोर्तुनाताताई, मी आजच तक्रार देते!"

"कुणाकडे?"

"वर. जिल्ह्याला."

"आणि जिल्हा ती तक्रार खाली कुणाकडे धाडणार? चौकशी करा म्हणून?" फोर्तुनाताने घराकडे मान हलवली. "त्याच्याच टेबलावर येऊन पडेल. तोवर गारा पडून जातील. आणि तुमची बदली होईल."

"मग? नुसतं बघत राहायचं?"

"छे. आपण त्याला पाव खायला घालू."

"पाव?" बाई म्हणाल्या. मग हळूहळू त्यांच्या तोंडावर हसू आले. "ताई, तुम्ही फार वाईट बाई आहात."

"उशीर झाला व्हायला," फोर्तुनाता म्हणाली.

त्या क्लोदोमिरोला न भेटताच निघून गेल्या. जाताना फोर्तुनाताने माझ्या कडेवर दोन बोटे ठेवली. मी तिला कापले नाही.

पाव

आमच्याकडे धर्मबाप, म्हणजे बापासारखी जबाबदारी घेणारा मानाचा माणूस, लहान मुलालाच असतो असे नाही. ट्रॅक्टरला असतो, बँडच्या नव्या ढोलाला असतो, छपरालाही असतो. धर्मबाप व्हायचे तर मान मोठा आणि कामही मोठे. आणि कुणाला ते काम सांगायचे तर तोंडाने सांगून भागत नाही. मोठा गोल पाव आणि दारूचा पेला घेऊन त्याच्या दारात जायचे. याला हुर्का म्हणतात. पाव परत केला तर गोष्ट मिटली. पाव खाल्ला तर शब्द दिला. खाल्लेल्या पावाला नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलेल्याच्या घरी मग कुणी मयतालाही जात नाही.

पुढच्या रविवारी फोर्तुनाता पाव घेऊन आली. सोबत तेओफिलो आणि गावातल्या चार बायका, साक्षीला. क्लोदोमिरो अंगणातच कुईंना चारा टाकत होता. निवडणूक तोंडावर होती. माणसे दिसली की तो फुलत असे.

"या, या! सोरापाताची माणसं! शाळा कशी आहे आमची?"

"तुमच्या कृपेनं गळतेय, साहेब," तेओफिलो म्हणाला.

"तिथंच घोडं अडलंय, साहेब," फोर्तुनाता घाईने म्हणाली. "त्या छपराला धर्मबाप नाही. तुम्ही बाटली फोडली, पाटी लावली, पण रीत राहिली. बिनबापाचं छप्पर गळणारच. आम्ही म्हटलं, साहेबांपेक्षा मोठा माणूस कुठे शोधायचा?"

"अहो, मग आधी यायचं ना!"

"आमची छाती झाली नाही. सगळं गाव जमेल. बँड असेल. शिक्षण खात्याच्या बाईंनाही बोलावलंय."

बँड ऐकताच टोपी हलली. ती खरी खूश झाली होती. त्याने पेला घेतला, दोन थेंब जमिनीला वाहिले, उरलेला घशात ओतला. मग पाव हातात घेतला.

मी वरून पाहत होतो. कुई चारा खात होते आणि तो पाव खात होता. खा, मी म्हणालो. कवच खा, आतले मऊ खा, कणही वेचून खा. त्याने सगळे खाल्ले. गुडघ्यावर पडलेला तुकडासुद्धा उचलून तोंडात टाकला. कुठले छप्पर, हे विचारले नाही. शहाणा माणूस होता तो, पण भाषणे करून करून त्याला एक सवय लागली होती. कुणी काही पुढे केले की तो आधी गिळत असे.

भोक

पुढचा थोडा भाग मी पाहिला नाही. लाल पत्र्यांनी सांगितला, नंतर, जेव्हा आमची अदलाबदल झाली तेव्हा. बिचारे पातळ होते, पण खोटे नव्हते.

ठरलेल्या दिवशी क्लोदोमिरो जीपमधून सोरापाताला पोचला. नवा कोट, फोटोवाला, फितीत गुंडाळलेली बाटली. बँड वाजला. बायकांनी त्याच्या टोपीवर फुलांच्या पाकळ्या उधळल्या. शिक्षण खात्याच्या बाई मुलांबरोबर वर्गात बसल्या होत्या. तो हसत दारातून आत आला आणि त्याने वर पाहिले.

वर आभाळ होते.

आदल्या दिवशी गावाने लाल पत्रे उतरवून भिंतीशी नीट रचून ठेवले होते.

"छप्पर कुठे आहे?" तो म्हणाला.

"आम्हीही तेच विचारणार होतो, सोयरे," फोर्तुनाता म्हणाली. धर्मबाप झाला की माणूस सगळ्या गावाचा सोयरा होतो. साहेब ती पुन्हा म्हणालीच नाही. "छप्पर धर्मबापानं आणायचं असतं. तुम्ही पाव खाल्लात."

"पण मी... म्हणजे, हे नवे पत्रे मीच..."

"ते तुमचे तुम्हाला परत. वापरले म्हणून राग नका मानू. थोडे फाटलेत."

तेओफिलोने टोपी काढून छातीशी धरली. "सोयरे, तुमच्या अंगणात छान जाड पत्रे आहेत. तुम्हीच म्हणता ना, हल्ली असा माल बनत नाही म्हणून? आमचे डोळे भरून आले. म्हटलं, माणसानं आपल्या धर्मलेकरासाठी किती वर्षं जपून ठेवलंय!"

कुणी हसले नाही. हसायला कुणाला परवानगीच नव्हती. मुलांनासुद्धा बजावले होते.

क्लोदोमिरोने दाराकडे पाहिले. दारात बँड होता. त्याने फोटोवाल्याकडे पाहिले. फोटोवाल्याने फोटो काढला. शिक्षण खात्याच्या बाईंनी विचारले, "काय हो, मेयरसाहेब छप्पर देताहेत की नाही?"

"देणार, देणार," क्लोदोमिरो म्हणाला. "जीप पाठवतो, मालमोटार..."

"गाडीनं आणलेलं छप्पर लागू पडत नाही, सोयरे," फोर्तुनाता म्हणाली. "पाठीवरून आणायचं असतं."

उंचवटा, उंचवटा, उंचवटा

मला आधी ढोल ऐकू आला. मग अंगणात सगळे गाव शिरले, वरातीसारखे, मधोमध क्लोदोमिरो. बाप्यांनी जुने पत्रे उतरवले आणि सोबत आणलेले लाल पत्रे जागेवर ठोकले. प्रत्येक घराने आपली खूण पाहून आपला पत्रा घेतला. चंद्रवाल्यांनी चंद्र घेतला, विळेवाल्यांनी विळा. कुणी कुणाला काही विचारले नाही. फक्त पत्र्याचा आतला भाग बाहेर करून पाठीवर घेतला, म्हणजे वाटेत सगळ्या तांबोला खुणा दिसाव्यात. चौकात लोक उभे राहून पाहत होते. तांबोतही मेंढ्या आहेत. खुणा सगळ्यांना वाचता येतात.

शेवटी मी उरलो.

"हा धर्मबापाचा," फोर्तुनाता म्हणाली. तिने स्वतः आपली घोंगडी त्याच्या नव्या कोटावर टाकली, मला चढवले आणि त्याच्या छातीवर दोराची गाठ मारली. घट्ट. "नीट बसलाय ना, सोयरे?"

मी नीट बसलो नाही.

मित्रांनो, वाट चढाची होती. मी जितका जड होतो त्याहून जड झालो. प्रत्येक उंचवटा मी त्याच्या मणक्यांवर टेकवला. माझी वरची कड त्याच्या मानेला लागत होती, आणि तो मान वाकवी तेव्हा मीही वाकत होतो. टोपी पडली. कुणीतरी ती उचलून बँडवाल्याच्या डोक्यावर घातली.

खिंडीत वारा थांबला होता, वाट पाहत. मी त्याला म्हणालो, ये. तो आला. त्याने मला पकडले आणि आम्ही दोघांनी मिळून मेयरला डावीकडे फिरवले, उजवीकडे फिरवले, स्वतःभोवती फिरवले. बँड त्याच तालावर वाजू लागला. लोकांना वाटले, सोयरे आनंदाने नाचताहेत. बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. तो गुडघ्यांवर पडला, उठला, पुन्हा पडला. रडतही होता, पण वाऱ्यात रडणे आणि घाम एकच दिसतात.

तेवढ्यात तो माझ्याशी बोलला. दात आवळून, कुणाला ऐकू जाणार नाही असे.

"बस ना रे नीट," तो म्हणाला. "पाया पडतो तुझ्या."

मला पाय नाहीत. मी आणखी एकदा उडालो.

खळगा

दुपार कलताना आम्ही शाळेवर चढलो. रीतीप्रमाणे जेवण धर्मबापाचे. म्हणून त्याच्या खुराड्यातले गुबगुबीत कुई टोपल्यांतून बरोबर आणले होते आणि ते चुलींवर भाजले जात होते. त्या दिवशी भर वर्गात मुलांनी मांस खाल्ले. लुस्मिलाने बोटे चाटली आणि वर पाहिले. पहिलीतल्या त्या डोक्याला वेणीसुद्धा नीट येत नव्हती.

खिळे ठोकून झाले. बाटली फुटली. क्लोदोमिरो पाठ धरून उभा होता, कोट फाटला होता, पण समोर गाव होते, फोटोवाला होता आणि निवडणूक होती. जे त्याच्याकडून ओरबाडून घेतले होते ते त्याने दिले असे तो आता सांगणार होता. तो मधोमध आला आणि त्याने घसा साफ केला.

मित्रांनो, इथे रीतीप्रमाणे मीही तुम्हाला चार शब्द सांगायला हवेत. वस्तूंची काळजी घ्या, असे. झाले गेले विसरा, असे. सुडाने कुणाचे भले होत नाही, असेही. माझे एवढेच म्हणणे आहे की तुमच्या शाळेचे छप्पर बदलायला कुणी आले तर जुने कुठे जाते ते पाहा, मागोमाग जा, अंगणात शिरा आणि

टण.

आणि वर पाहा, कारण ज्याने ते पाठीवरून आणले त्याची खूण

टण. टण टण.

"बंधूंनो आणि भगिनींनो," क्लोदोमिरो म्हणाला, "आज मी स्वतःच्या पाठीवर, स्वतःच्या कष्टाने या लेकरांसाठी"

टण टण टण टण टण टण टण.

गारा. कबुतराच्या अंड्याएवढ्या. सगळ्या खिंडीतून एकदम उतरल्या. खाली तांबोला, लाल पत्र्यांवर, तशाच पडत होत्या. तिथले काय झाले असेल ते मी मनात ऐकले आणि मला बरे वाटले.

वर्गात शिक्षण खात्याच्या बाई उठल्या. त्यांनी मागच्यासारखाच हात पुढे केला, तळवा वर करून, आणि थेंबाची वाट पाहू लागल्या. सगळे गाव त्या तळव्याकडे पाहत होते. लुस्मिला त्या हाताखाली जाऊन उभी राहिली आणि तिनेही आपला हात पुढे केला.

तळवे कोरडे राहिले.

क्लोदोमिरो बोलतच होता. त्याचे तोंड उघडत होते, मिटत होते. तो ओरडत होता, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. एक क्षण गारा थोड्या कमी झाल्या आणि त्याचा एक शब्द वर आला, "मी".

मी आणखी जोरात वाजलो.